सौरवारा वातावरण उडवून नेतो, तर शुक्राचं का उरलं?

प्रश्न थोडक्यात असा: मंगळाला ग्रहव्यापी चुंबकीय क्षेत्र नाही, म्हणून सौरवाऱ्यानं, म्हणजे सूर्याकडून सतत वाहत येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहानं, त्याचं वातावरण उडवून नेलं, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. पण तसं क्षेत्र शुक्रालाही नाही, शिवाय तो सूर्याच्या जवळ आहे. तरी त्याच्या पृष्ठभागावर पृथ्वीच्या ९२ पट दाब कसा?

शंका रास्त आहे. घोळ ‘उडवून नेलं’ या शब्दांत आहे. सौरवारा वातावरणाला ढकलून बाहेर काढत नाही. जो अणू आधीच उंच चढला आहे आणि ज्याचा एखादा इलेक्ट्रॉन निघून गेला आहे, त्यालाच तो उचलून नेतो. अणूला वर कोण चढवतं आणि सुटायला त्याला किती वेग लागतो, हे सूर्याचा अतिनील प्रकाश, वरच्या थरांतलं रसायन आणि ग्रहाचं गुरुत्व ठरवतात. मंगळ आणि शुक्र यांच्यातला फरक तिथे आहे, चुंबकात नाही.

आधी आकडे पाहू. पृथ्वीपाशी सौरवाऱ्याचा वेग सेकंदाला साधारण ४०० किमी असतो, घनता दर घन सेंटिमीटरला ५ प्रोटॉनच्या आसपास आणि त्याच्यासोबत वाहत येणारं चुंबकीय क्षेत्र ५ नॅनोटेस्लाच्या घरात. मंगळापाशी वेग तेवढाच, पण घनता २ ते ३ आणि क्षेत्र ३ नॅनोटेस्ला. शुक्रापाशी घनता १०च्या पुढे आणि क्षेत्र १० नॅनोटेस्लाच्या आसपास. घनता गुणिले वेगाचा वर्ग केला की वाऱ्याचा दाब मिळतो: मंगळापाशी सुमारे ०.६ नॅनोपास्कल, शुक्रापाशी ३ नॅनोपास्कल. मंगळाच्या पृष्ठभागावरचा हवेचा दाब ६०० पास्कल आहे. म्हणजे इतकी विरळ म्हणून ओळखली जाणारी ही हवासुद्धा सौरवाऱ्याच्या दाबाला एक लाख कोटी पटींनी भारी पडते. खालच्या हवेला या वाऱ्याचा धक्का लागतच नाही. सगळा खेळ १२० किमीच्या वरच्या, जवळजवळ पोकळीसारख्या थरात चालतो.

दुसरा हिशेब त्याहून बोलका आहे. मंगळाच्या तबकडीएवढ्या क्षेत्रावर सेकंदाला किती सौरवारा येऊन आदळतो? घनता २ धरली तर जेमतेम ५० ग्रॅम. मंगळ मात्र सेकंदाला २ ते ३ किलो वायू गमावतो आहे. म्हणजे येणाऱ्याच्या पन्नासपट जाणारा! ऊर्जेच्या बाजूनं पाहिलं तर चित्र उलटं दिसतं. त्या ५० ग्रॅममध्ये जवळजवळ ४०० कोटी वॉट आहेत, आणि अडीच किलो वायूला मंगळाच्या ओढीतून सोडवायला ३ कोटी वॉट पुरतात. ऊर्जा शंभरपट पडून आहे, पण ती वायूपर्यंत पोचत नाही. का पोचत नाही, हे कळलं की विषय निम्मा उलगडतो.

अडवणूक करतं ते आयनांबर. अतिनील प्रकाश वरच्या थरातल्या अणूरेणूंचे इलेक्ट्रॉन उडवतो आणि विजेचा वाहक असा थर तयार होतो. मंगळावर त्याची सर्वाधिक घनता १३० किमीच्या, शुक्रावर १४० किमीच्या आसपास असते. सौरवाऱ्याबरोबर आलेलं चुंबकीय क्षेत्र या वाहकातून आरपार जाऊ शकत नाही. वाहकात प्रवाह उमटतात, ते क्षेत्राला अडवतात आणि ग्रहाच्या सूर्याकडच्या बाजूला क्षेत्ररेषा साचत जातात. किती साचाव्यात? साचलेल्या क्षेत्राचा दाब वाऱ्याच्या दाबाइतका होईपर्यंत. सूत्र साधं आहे: क्षेत्राचा वर्ग भागिले दुप्पट म्यू-शून्य (निर्वाताचा चुंबकीय स्थिरांक). त्यात ०.६ नॅनोपास्कल घातले की ३९ नॅनोटेस्ला येतात, ३ घातले की ८७. यानांनी मंगळापाशी आणि शुक्रापाशी साधारण याच पल्ल्यातले आकडे मोजले आहेत. स्वतःचं चुंबकत्व नसलेला ग्रह वाऱ्याच्याच चुंबकत्वाची भिंत उभी करतो, तिला प्रेरित चुंबकांबर म्हणतात.

ही भिंत ग्रहाच्या अगदी अंगाशी असते. पृथ्वीचं चुंबकांबर वाऱ्याला सूर्याच्या दिशेनं सुमारे ६०,००० किमीवर थोपवतं. मंगळावर बो शॉक, म्हणजे वारा एकदम मंदावतो तो कमानीसारखा आघात, जेमतेम २,००० किमी उंचीवर असतो आणि साचलेल्या क्षेत्राची सीमा १,००० किमीच्या आत. मंगळाचं गुरुत्व कमी असल्यामुळे हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं विरळ वलय मात्र त्याच्याही बाहेर, थेट वाहत्या वाऱ्यात पसरलेलं असतं. भिंतीबाहेर राहिलेला हा माल वाऱ्याच्या हाती लागतो.

आता एका ऑक्सिजन अणूचं काय होतं ते जवळून पाहू. तो मंगळापासून दोन-तीन हजार किमीवर रेंगाळतो आहे. अतिनील प्रकाशानं किंवा एखाद्या प्रोटॉननं इलेक्ट्रॉन हिसकावल्यानं तो आयन झाला. त्या क्षणी त्याला विद्युतक्षेत्र जाणवू लागतं. ४०० किमी वेगानं जाणारं ३ नॅनोटेस्लाचं क्षेत्र म्हणजे दर किलोमीटरला १.२ व्होल्ट. हजार किमी सरकला की त्याच्याकडे १,२०० इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) झाले, आणि सुटायला त्याला फक्त २ हवे होते. मग तो क्षेत्राभोवती वळू लागतो, पण त्या वळणाची त्रिज्या २२,००० किमी आहे, मंगळाच्या त्रिज्येच्या सहापटींहून जास्त. पुरता वळायच्या आतच तो ग्रहापासून दूर निघून जातो. त्याची ऊर्जा ५० हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरही जाऊ शकते. शुक्रापाशी क्षेत्र तिप्पट असल्यानं हीच त्रिज्या साडेसहा हजार किमीच्या आसपास, म्हणजे ग्रहाच्या त्रिज्येएवढीच राहते.

सगळेच आयन बाहेर जात नाहीत. विद्युतक्षेत्राला एक दिशा असते. त्यामुळे एका गोलार्धावरचे आयन बाहेर फेकले जाऊन पिसाऱ्यासारखा झोत तयार होतो आणि दुसऱ्या गोलार्धावरचे त्याच जोरानं वातावरणावरच येऊन आदळतात. कॅरमच्या सोंगट्या फुटाव्यात तसे ते वरच्या थरातले उदासीन अणू बाहेर उडवतात. याला स्पटरिंग म्हणतात. आज त्याचा वाटा लहान आहे, पण तरुण सूर्याच्या काळात तो बराच मोठा असावा. पुरावा आर्गॉनमध्ये आहे. आर्गॉन कशाशी संयोग पावत नाही, खडकांत मुरत नाही, आणि अवकाशात जायला त्याला स्पटरिंगखेरीज दुसरी मोठी वाट नाही. हलका आर्गॉन-३६ वरच्या थरांत तुलनेनं जास्त असतो, म्हणून तोच जास्त उडतो आणि मागे जड आर्गॉन-३८चं प्रमाण वाढतं. सूर्य आणि गुरू यांच्यात ३६ आणि ३८ यांचं गुणोत्तर साधारण ५.५ आहे, क्युरिऑसिटी रोव्हरनं मंगळावर मोजलं ते ४.२. नासाच्या मेव्हन या मंगळाभोवती फिरणाऱ्या यानानं वरच्या थरांत ही विभागणी कशी होते ते मोजलं आणि २०१७ मध्ये निष्कर्ष आला: मंगळावर आजवर आलेल्या आर्गॉनपैकी दोन तृतीयांशाच्या आसपास अवकाशात गेला आहे. जाता जाता सांगायला हवं, मंगळयानावरच्या मेन्का उपकरणालाही बाह्यतम थरात अपेक्षेपेक्षा जास्त ऊर्जेचा आर्गॉन आढळला होता.

आता मंगळ आणि शुक्र यांचा रस्ता जिथे फुटतो ती जागा. तिथे सौरवारा नाहीच. दोन्ही ग्रहांच्या आयनांबरात मुख्य आयन ऑक्सिजनच्या रेणूचा असतो. त्याला इलेक्ट्रॉन भेटला की तो फुटतो आणि दोन अणू विरुद्ध दिशांना सुटतात. या फुटीतून जास्तीत जास्त ७ इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळतात, प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीन. मंगळाचा मुक्तिवेग सेकंदाला ५ किमी आहे, म्हणून ऑक्सिजनला सुटायला २ पुरतात. दीड मिळालेला अणू परत पडतो, अडीच किंवा साडेतीनवाला योग्य दिशेनं निघाला आणि वाटेत कुणावर आपटला नाही तर कायमचा जातो. शुक्राचा मुक्तिवेग १०.४ किमी आहे आणि तिथे जवळजवळ ९ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. साडेतीनवाला अणू कितीही धडपडला तरी खाली येणार. ऑक्सिजनच्या गळतीची मंगळावरची ही सगळ्यात मोठी वाट शुक्रावर पूर्ण बंद आहे, आणि ती गुरुत्वानं बंद केली आहे. चुंबकत्व असतं तरी या उदासीन अणूंना ते अडवू शकलं नसतं.

हायड्रोजन हलका असल्यानं त्याचं वेगळंच चालतं. मंगळावर तो निव्वळ उष्णतेच्या जोरावरही सुटतो. सूर्याजवळ असताना धुळीच्या वादळांमुळे पाण्याची वाफ वर चढते, तेव्हा ही गळती सुमारे दहापट वाढते. सौरवाऱ्याचा इथे वेगळाच उपयोग होतो. त्याचा प्रोटॉन हायड्रोजनच्या वलयात इलेक्ट्रॉन पटकावून उदासीन होतो, त्यामुळे त्याला चुंबकीय भिंत दिसतच नाही. सगळे अडथळे ओलांडून तो ४०० किमी वेगानंच वातावरणात घुसतो आणि प्रोटॉन अरोरा, म्हणजे प्रोटॉनमुळे वातावरणात उमटणारा प्रकाश, उजळवतो. म्हणजे भिंत अभेद्य नाही. जो विद्युतभार उतरवून येतो त्याला ती वाट देते.

शुक्राचा जमाखर्च मांडू. त्याच्या वातावरणाचं वस्तुमान ४.८ गुणिले १० चा २०वा घात इतके किलो आहे. गळती उदारपणे सेकंदाला १ किलो धरली, तर साडेचार अब्ज वर्षांत एकूण वातावरणाच्या ०.०३ टक्के जाईल. आजच्यापेक्षा गळती पूर्वी शंभरपट होती असं मानलं तरी ३ टक्के. शुक्राचं वातावरण का उरलं याचं उत्तर एवढंच: ते प्रचंड आहे आणि घट्ट धरलेलं आहे. कार्बन डायऑक्साइड पृथ्वीवरही जवळपास तेवढाच आहे, फक्त तो चुनखडीसारख्या खडकांत अडकून पडलाय.

पण शुक्रानं काही गमावलंच नाही असं समजू नका. त्यानं पाणी गमावलं. तिथे ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) आणि साधा हायड्रोजन यांचं गुणोत्तर पृथ्वीच्या शंभर पटींहून जास्त आहे, म्हणजे हलका हायड्रोजन मोठ्या प्रमाणात गेला. व्हीनस एक्सप्रेस यानाला शेपटीत, म्हणजे ग्रहामागे वाऱ्याच्या दिशेनं लांबलेल्या भागात, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे आयन साधारण दोनास एक प्रमाणात जाताना दिसले, पाण्याच्या रेणूत असतात त्याच प्रमाणात. ऑक्सिजनला ९ इलेक्ट्रॉनव्होल्ट कुठून मिळतात? एक मोठा स्रोत खुद्द आयनांबरातच आहे. हलके इलेक्ट्रॉन वर पळू पाहतात, जड आयन मागे राहतात आणि दोघांमध्ये विद्युतक्षेत्र तयार होतं. शुक्रावर हा विभवांतर सुमारे १० व्होल्ट मोजला गेला. २०२२ च्या एन्ड्युरन्स रॉकेटनं पृथ्वीवर मोजलेला आकडा आहे ०.५५ व्होल्ट. म्हणजे शुक्रावरचा ऑक्सिजन आयन नुसत्या या शिडीवरून सुटकेच्या उंबरठ्यावर पोचतो, आणि पुढे त्याला न्यायला सौरवारा तयारच असतो.

मंगळाचा जमाखर्च याच्या उलट. वातावरण अवघं २.५ गुणिले १० चा १६वा घात किलो. अडीच किलो दरानं साडेचार अब्ज वर्षांत आजच्या चौदापट जाईल, म्हणजे दाब ८० ते ९० मिलिबार. वाहतं पाणी टिकायला लागणाऱ्या हवेच्या मानानं हे अपुरं आहे. तरुण सूर्य अतिनीलमध्ये कितीतरी प्रखर होता, त्याचा वारा जोरकस होता. हे धरून मेव्हनच्या चमूनं २०१८ मध्ये मागचा हिशेब मांडला तेव्हा ०.८ बारच्या आसपास कार्बन डायऑक्साइड किंवा सगळ्या ग्रहावर २३ मीटर पाण्याचा थर, इतकी गळती निघाली. ‘किंवा’ महत्त्वाचा आहे: मोजला जातो ऑक्सिजन, तो कोणत्या रेणूतून आला हे अणूवर लिहिलेलं नसतं. मेव्हनचा २०१५ मधला ‘सेकंदाला १०० ग्रॅम’ हा आकडा अजून फिरतो. तो फक्त आयनांचा आहे. उदासीन ऑक्सिजन आणि हायड्रोजन मिळवले की २ ते ३ किलो होतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत, गल्लत वाचणाऱ्याची होते.

मग चुंबकीय ढाल कामाची की नाही? माझं मत असं की ढालीची महती फुगवून सांगितली जाते. पृथ्वीला दणकट ढाल आहे, तरी तिच्या ध्रुवांकडून ऑक्सिजनचे आयन सेकंदाला १० चा २५वा घात या घरात बाहेर पडतात, मंगळाहून कमी नाहीत. कारण मोठं चुंबकांबर वाऱ्याची ऊर्जा मोठ्या क्षेत्रातून गोळा करतं आणि क्षेत्ररेषांवाटे ध्रुवांवर ओततं. त्यातले काही आयन शेपटीतून परत येतात, म्हणून निव्वळ गळती किती यावर वाद आहे. ढाल स्पटरिंग आणि थेट उचल रोखते यात शंका नाही. पण मंगळाचं डायनॅमो, म्हणजे गाभ्यात चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारी हालचाल, साधारण चार अब्ज वर्षांपूर्वी थांबलं आणि त्याच सुमाराला हवा विरळ झाली, एवढ्यावरून एक दुसऱ्याचं कारण ठरत नाही. त्याच काळात सूर्यही शांत होत होता. मंगळाच्या दक्षिण गोलार्धातल्या खडकांत जुनं चुंबकत्व गोठून राहिलं आहे. मार्स ग्लोबल सर्व्हेयरला ते १०० किमी उंचीवर १,५०० नॅनोटेस्लापर्यंत आढळलं. त्या प्रदेशांवर भिंत फुगून वर येते आणि खालचे आयन वाचतात, पण त्याच रेषा वाऱ्याच्या रेषांशी जोडल्या गेल्या की बाहेर जायचा दरवाजाही उघडतो.

बुध या चर्चेत ओढला जातो, पण त्याला दुर्बळ का होईना स्वतःचं क्षेत्र आहे आणि त्याच्याकडे हवा म्हणावी असं काही नाही. तिथे वारा खडकावरच आदळून सोडियम वगैरे उडवतो. तो वेगळा विषय.

मेव्हनचा खुला डेटा घेऊन कुणाला गळती काढायची असेल तर पद्धत अशी. शेपटीत ग्रहापासून दूर जाणाऱ्या जड आयनांचा प्रवाह मोजा, त्याला शेपटीच्या छेदाच्या क्षेत्रफळानं गुणा. समजा सरासरी प्रवाह दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला ३० लाख आयन आणि छेदाची त्रिज्या दीड मंगळत्रिज्या. उत्तर येतं २.४ गुणिले १० चा २४वा घात, सगळा ऑक्सिजन धरला तर ६५ ग्रॅम. आकडा बरोबर घरात आहे, पण इथे हमखास चुका होतात. पहिली, परतणारे आयन वजा करायचे राहून जातात. एका बाजूचाच प्रवाह मोजला तर गळती फुगते. दुसरी, यानावर स्वतःचा विद्युतभार असतो. सुटकेला २ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरत असताना यानाचा विभव उणे काही व्होल्ट असेल, तर मंद आयनांची ऊर्जा साफ चुकीची दिसते. स्टॅटिकचा (मेव्हनवरच्या आयन मोजणाऱ्या उपकरणाचा) डेटा विभवाची आणि यानाच्या वेगाची दुरुस्ती केल्याशिवाय १० इलेक्ट्रॉनव्होल्टखाली वापरू नये. तिसरी, उपकरणाची नजर सगळ्या दिशांना नसते. जिथे पाहिलंच नाही तिथे शून्य धरायचं नसतं, ती नोंद गाळायची असते. चौथी, विद्युतक्षेत्राची दिशा बदलते तसा पिसारा जागा बदलतो, म्हणून भौगोलिक अक्षांऐवजी त्या क्षेत्राशी जुळवलेल्या अक्षांत मांडणी करायची. नाहीतर पिसारा सरासरीत विरघळून जातो.

सगळ्यात चिवट अडचण वेगळी आहे. मेव्हनची कक्षा सुरुवातीला १५० ते ६,२०० किमी आणि साडेचार तासांची होती. यान शेपटीत असताना बाहेर वारा कसा आहे हे त्याला कळत नाही, आणि वारा तासाभरात पालटतो. यावर एक नामी तोड निघाली: वर सांगितलेले विद्युतभार उतरवून घुसलेले प्रोटॉन खाली वातावरणात पुन्हा आयन होतात, तेव्हा त्यांचा वेग बाहेरच्या वाऱ्याचाच असतो. कक्षेच्या तळाशी ते मोजले की बाहेर न जाता वाऱ्याचा वेग मिळतो. चुंबकीय क्षेत्राची दिशा मात्र त्यातून मिळत नाही.

वारा पालटला की काय होतं याची ठळक उदाहरणं मोजकी आहेत. ऑगस्ट २०१० मध्ये शुक्रापाशी वाऱ्याची घनता दर घन सेंटिमीटरला ०.१ प्रोटॉनवर आली, तेव्हा त्याचं आयनांबर रात्रीच्या बाजूला धूमकेतूच्या शेपटीसारखं लांबलं. डिसेंबर २०२२ मध्ये मंगळापाशी घनता शंभरपटीनं घटली आणि दाब सुटताच प्रेरित चुंबकांबर हजारो किमी फुगलं. सप्टेंबर २०१७ च्या सौर उद्रेकात मंगळभर पसरलेला अरोरा आधीच्या कुठल्याही नोंदीच्या पंचवीसपट उजळला आणि पृष्ठभागावरचं प्रारण दुप्पट झालं. अशा घटनांत गळती किती काळ चढी राहते, हे एकाच यानाकडून नीट कळत नाही. १३ नोव्हेंबर २०२५ ला मंगळासाठी निघालेल्या एस्केपेड मोहिमेत म्हणूनच दोन सारखी यानं आहेत. एक वाऱ्यात असताना दुसरं शेपटीत असेल, आणि कारण व परिणाम एकाच घड्याळावर मोजता येतील.